बाबांची पेट्रोल गाडी, लेकीचा हट्ट आणि दिरांचं हायड्रोजन

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देतो:

"दादा, माझी पेट्रोल गाडी बारा वर्षांची झाली. बाबांनी घेतलेली, ते तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून मी चालवते. कामाला जाऊन-येऊन रोज ३८ किलोमीटर होतात आणि वर्षातून पाचेक वेळा आईकडे जाते ते एका बाजूने ३१० किलोमीटर. इंजिन चांगलं आहे पण अ‍ॅव्हरेज १६ वरून साडेचौदावर आलंय, मेकॅनिक म्हणतो इथेनॉलवालं पेट्रोल गाडी खातंय. लेक सोळा वर्षांची आहे, ती म्हणते आई आपण धूर सोडत फिरतो याची मला लाज वाटते, इलेक्ट्रिकच घे. दीर म्हणतात थांबा, इलेक्ट्रिक हे मधलं स्टेशन आहे, खरं भविष्य हायड्रोजनचं. ऑफिसमधले म्हणतात शेवटची एक नवी पेट्रोल गाडी घेऊन टाक, नंतर मिळणार नाही. पार्किंगची जागा माझी स्वतःची आहे पण तिथे प्लग नाही. पेट्रोल खरंच बंद होणार का? मी काय करू? बाबांची एक वही डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, पेट्रोल भरलं की ते लिटर आणि किलोमीटर लिहायचे, आता मीपण लिहिते, त्यामुळे गाडी काढायचा विषय निघाला की पोटात कालवतं."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या वहीपाशी थांबलो. तुम्हाला ती आठवण वाटते, ती आहेच, पण मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पण त्याच वहीत आहे. घरात सगळेजण तुम्हाला एकच प्रश्न विचारतायत की उद्या कुठलं इंधन जिंकणार, आणि तो प्रश्न तुमचा नाहीच आहे. तुमचा प्रश्न एवढाच आहे की गाडी रोज किती चालते आणि रात्री कुठे उभी राहते. हे दोन आकडे ज्याला माहीत आहेत त्याला जगाचं भविष्य ओळखत बसायची गरज नाही, आणि तुम्हाला ते दोन्ही माहीत आहेत.

तरी भीती आधी काढून टाकू. पेट्रोल एका सकाळी बंद होणार नाही. नॉर्वेचं बघा, इलेक्ट्रिक गाड्यांमधे जगात सगळ्यात पुढे गेलेला देश, २०२४ मधे तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी १०० तल्या जवळपास ८९ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. आणि तरीही रस्त्यावरच्या एकूण गाड्यांमधे इलेक्ट्रिकची संख्या पेट्रोल गाड्यांच्या पुढे गेली ती कधी, तर त्याच २०२४ च्या सप्टेंबरमधे, आणि डिझेल गाड्या तेव्हाही त्यांच्यापेक्षा जास्तच होत्या. कारण गाडी ही पंधरा-वीस वर्षं टिकणारी वस्तू आहे, नवी विक्री बदलली तरी जुनी गाडी आपल्या पायांनीच रस्त्यावरून जाते, कोणी ओढून नेत नाही. जगात १०० कोटींच्या वर मोटारी आहेत, त्यांना इंधन लागणार, पंप राहणार. पुढे पुढे पंप विरळ होतील, काही मॉडेल्सचे पार्ट मिळायला त्रास होईल, जुन्या पेट्रोल गाडीला रीसेल मिळणार नाही, हे सगळं होईल पण हळूहळू, आणि तुमच्या आत्ताच्या गाडीचं आयुष्य त्याच्या आधीच संपेल.

सरकारांच्या तारखांवर तर अजिबात घाबरून निर्णय घेऊ नका. ब्रिटनने नव्या पेट्रोल गाड्या थांबवायला २०३० साल धरलं, २०२३ मधे ते २०३५ वर ढकललं, मग सरकार बदललं आणि परत २०३० वर आणलं. युरोपियन युनियनने २०२३ मधे २०३५ चा कायदा केला आणि नंतर त्यातही सवलती द्यायच्या गोष्टी सुरू झाल्या. तारीख मागेपुढे होत राहील, दिशा मात्र बदलत नाहीये, कारण ही दिशा काही फक्त कायद्याने आलेली नाही. बॅटरी स्वस्त झाल्याने आलीये. २०१० पासून बॅटरीची किंमत नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरलीये, आणि २०२४ मधे जगात विकल्या गेलेल्या नव्या मोटारींमधे दर पाचातली एक प्लग लावून चार्ज होणारी होती.

म्हणून ऑफिसमधल्यांचं "शेवटची पेट्रोल घेऊन टाक" मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळा विषय इथेच आहे.

उद्या कामावरून घरी आलात की गाडी बंद करा आणि दोन मिनिटं तिथेच उभ्या राहा. बॉनेटवर तळहात ठेवा, अगदी टेकवू नका, जवळ न्या. झळ लागेल. खालून टिक टिक टिक आवाज येईल, तो तापलेला सायलेन्सर आणि पाइप गार होताना आकसतात त्याचा. रेडिएटरचा पंखा कदाचित गाडी बंद केल्यावरही फिरत असेल. ही जी झळ आहे ना, ते तुमचं पेट्रोल आहे. तुम्ही पंपावर विकत घेतलेलं, वहीत लिहून ठेवलेलं पेट्रोल. एका लिटर पेट्रोलमधे साधारण ९ युनिट वीज होईल एवढी ऊर्जा असते, आणि त्यातली पाव हिश्शाच्या आसपास, फार तर तीस टक्के, चाकापर्यंत पोचते, बाकीची रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून, या बॉनेटमधून हवेत जाते. उत्तम हायब्रिड गाडीचं, म्हणजे पेट्रोल इंजिनच्या जोडीला बॅटरी आणि मोटर असलेल्या गाडीचं इंजिन चाळीस टक्क्यांच्या थोडं वर जातं आणि तेवढ्यासाठी इंजिनिअर लोकांनी आयुष्यं घातलीयेत. निकोलाउस ओटोने १८७६ मधे चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं तेव्हापासून आजपर्यंत इतकी सुधारणा झाली, तरी जाळून ढकलायचं म्हटलं की बहुतेक भाग उष्णतेत जाणार हा निसर्गाचाच नियम आहे, कंपनी कुठलीही असो.

आता तुमच्या ३८ किलोमीटरचा हिशोब करा. साडेचौदाच्या अ‍ॅव्हरेजने रोज अडीच लिटरच्या थोडं वर, म्हणजे २३ युनिट ऊर्जा. तेवढंच अंतर साध्या मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी सहा युनिटमधे जाते. कारण मोटर जवळजवळ गरमच होत नाही, सिग्नलला उभी असताना काही खात नाही आणि ब्रेक मारला की जनरेटर बनून थोडी वीज परत बॅटरीत टाकते, पेट्रोल गाडीत तीच ऊर्जा ब्रेक पॅड झिजवण्यात जाते. २३ आणि ६. बाकी सगळी चर्चा, हायड्रोजन, इथेनॉल, गॅस, सिंथेटिक पेट्रोल, या दोन आकड्यांच्या शेजारी ठेवून बघायची.

दिरांचं हायड्रोजन आधी घेतो, कारण त्यांचं म्हणणं ऐकायला फार बरोबर वाटतं आणि त्यामुळे लोक वर्षानुवर्षं थांबून राहतात. हायड्रोजन गाडीच्या सायलेन्सरमधून फक्त पाणी येतं हे खरं आहे. पाच मिनिटात टाकी भरते हेही खरं. टोयोटाची मिराई २०१४ पासून बाजारात आहे, म्हणजे हे काही स्वप्न नाही, चालणारी गाडी आहे. अडचण गाडीत नाही, अडचण हायड्रोजन येतो कुठून यात आहे. तो जमिनीतून पेट्रोलसारखा उपसून मिळत नाही, बनवावा लागतो, आणि आज जगात बनणारा जवळजवळ सगळा हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो, त्यात धूर निघतोच, फक्त तो तुमच्या गाडीमागे न निघता कारखान्यात निघतो. स्वच्छ हायड्रोजन हवा तर पाण्यातून वीज सोडून तो वेगळा करायचा, एक किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते. मग तो ७०० बार दाबाने टाकीत कोंबायचा, गाडीच्या टायरमधे दोन-सव्वादोन बार असतात यावरून अंदाज घ्या, त्या कोंबण्यालाही वीज. आणि मग गाडीत फ्युएल सेल त्याची परत वीज करणार आणि त्या विजेवर मोटर फिरणार. म्हणजे हायड्रोजन गाडी ही पण इलेक्ट्रिक गाडीच आहे ताई, फक्त वीज फार लांबच्या रस्त्याने फिरून येते. एक किलोत साधारण १०० किलोमीटर जाते. १०० किलोमीटरला ५५-६० युनिट, आणि बॅटरीवाल्या गाडीला चार्जिंगची गळती धरूनही १७-१८. तिप्पट वीज खर्चून तेच अंतर. शास्त्रज्ञ कितीही हुशार असले तरी या फेऱ्यातली गळती पूर्ण जात नाही, ती थोडी कमी होईल एवढंच. कॅलिफोर्नियात, जिथे हायड्रोजन मोटारींना सगळ्यात जास्त पाठबळ मिळालं, तिथेच २०२४ मधे एका मोठ्या तेल कंपनीने मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद केले. हायड्रोजन लागणार आहे, खतांना लागतोच आहे, पोलाद बनवायला लागेल, कदाचित मोठ्या जहाजांना, जिथे बॅटरी पुरत नाही तिथे. रोजच्या ३८ किलोमीटरला नाही. दिरांना सांगा की तुमचं हायड्रोजन चांगलं आहे पण ते भट्टीचं इंधन आहे, माझ्या गाडीचं नाही, आणि त्यांना पटलं नाही तर हे ५५ आणि १७ चे आकडे दाखवा, आकड्यांवर भांडण होत नाही.

सिंथेटिक पेट्रोलचंही असंच, म्हणजे स्वच्छ हायड्रोजन घ्यायचा, हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, दोघांचं मिळून पेट्रोल बनवायचं आणि मग ते परत त्याच पाव हिश्शाच्या इंजिनमधे जाळायचं. चिलीमधे २०२२ च्या शेवटी असा छोटा कारखाना सुरूही झालाय. जुन्या सुंदर गाड्या चालत्या ठेवायला आणि विमानांना हे बरं, पण विजेपासून चाकापर्यंतचा हिशोब केला तर शंभरातले पंधराएक युनिटच कामी येतात. तुमच्या कामाचं नाही.

सीएनजी. आत्ता जर तुम्हाला धूर कमी करायचा असेल आणि प्लग मिळणारच नसेल तर हा बरा पर्याय आहे, कार्बन डायऑक्साइड पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी निघतो, काजळी फार कमी. पण तोही जमिनीतलाच वायू आहे, आणि विहिरीपासून पंपापर्यंत कुठे गळला तर मिथेन हवेत जातो, वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीपट तापवतो. बारा वर्षांच्या गाडीला आता किट बसवण्यात मला अर्थ दिसत नाही, डिकी जाईल आणि पिकअपही जाईल.

आता इथेनॉल, कारण तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं निम्मं बरोबर आहे आणि निम्मं नाही, आणि यावर लोक एकमेकांवर फार ओरडतात म्हणून मी जरा जास्त लिहितो.

इथेनॉलमधे लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे १० टक्के मिसळलं की अ‍ॅव्हरेज तीन-साडेतीन टक्के घसरणार, २० टक्के मिसळलं की सहा-सात टक्के, यात भेसळ नाही की फसवणूक नाही, साधं गणित आहे. तुमची १६ देणारी गाडी २० टक्क्यांवर १५ च्या जरा खाली येईल. तुम्हाला साडेचौदा मिळतंय, म्हणजे उरलेली घट बारा वर्षांच्या वयाची आहे, टायरमधली हवा, स्पार्क प्लग, एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, हे बघायला सांगा. तुमच्या पंपावर किती टक्के मिश्रण आहे ते सहसा मशीनवरच लिहिलेलं असतं, १० असेल तर मग घट इथेनॉलपेक्षा गाडीमुळेच जास्त आहे. आणि बाबांची वही आहेच की! कुठल्या महिन्यापासून आकडा पडायला लागला ते तिच्यात दिसेल. एकदम पडला असेल तर इंधन, हळूहळू पडला असेल तर गाडी.

पण मेकॅनिकचा खरा मुद्दा दुसरा आहे आणि तो मी स्वतः बघितलाय. माझी आधीची गाडी जुनी होती, तिला मिश्रण सोसायचं डिझाइनच नव्हतं, आणि एकदा सकाळी पेट्रोलचा वास आला म्हणून बॉनेट उघडलं तर फ्युएलची रबरी नळी हाताला चिकट लागली, जोडाजवळ फुगून मऊ झालेली, नखाने दाबलं तर नखाची खूण तशीच राहिली. नळी बदलली, क्लिप बदलली, प्रश्न मिटला, पण त्या वासाकडे दुर्लक्ष केलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून आजही बरं वाटत नाही. इथेनॉल काही जातीच्या रबराला फुगवतो, आणि तो पाणी ओढून घेतो, त्यामुळे गाडी दोन-दोन महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं आणि वर नुसतं पेट्रोल राहतं, मग गाडी स्टार्ट व्हायला कटकट करते. तुमची गाडी रोज चालते म्हणजे दुसरी भीती नाही. पहिलीसाठी गाडीचं मॅन्युअल काढा, त्यात किती टक्क्यांपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला सगळ्या नळ्या आणि सील हाताने दाबून बघायला सांगा, नुसतं वरून बघून नाही.

इथेनॉलचं भविष्य म्हणाल तर ब्राझीलपेक्षा मोठा धडा नाही. १९७३ मधे तेलाचे भाव एकदम भडकले, त्या धक्क्यानंतर त्यांनी १९७५ मधे उसापासून इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, १९७९ मधे फक्त इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ रस्त्यावर आली, आणि ऐंशीच्या दशकात तर तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या गाड्या इथेनॉलच्याच होत्या. मग तेल स्वस्त झालं, साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९ च्या सुमारास इथेनॉलच मिळेना, लोक गाड्या घेऊन रांगेत. एकाच इंधनावर अडकलेल्या माणसाची काय अवस्था होते ते तिथे दिसलं, लोकांनी त्या गाड्या घेणंच सोडलं. विश्वास परत आला तो २००३ नंतर, जेव्हा फ्लेक्स फ्युएल गाड्या आल्या, टाकीत पेट्रोल टाका, इथेनॉल टाका, दोन्ही मिसळून टाका, गाडीचा कॉम्प्युटर बघून घेतो. आज तिथल्या साध्या पेट्रोलमधेही ३० टक्के इथेनॉल असतं आणि गाड्या व्यवस्थित चालतात कारण गाडी त्यासाठी बनलेली असते. म्हणजे दोष इथेनॉलचा नसतो, जुन्या गाडीला न विचारता नवं इंधन पाजण्याचा असतो.

पण जमिनीचा प्रश्न मात्र उरतोच आणि तो मला टोचतो. पिकाचं पान सूर्याची जेमतेम एक टक्का ऊर्जा साठवतं, सोलर पॅनल वीस टक्के. त्यात इंजिन परत पाऊण वाया घालवणार. ज्या शेतावर धान्य येऊ शकतं ते शेत असं गाडीला देणं, आणि त्यातही मक्यासारखं खत-पाणी-डिझेल खाणारं पीक देणं, हे मला मनापासून पटत नाही. उरलेल्या चिपाडाचं, पेंढ्याचं इथेनॉल होत असेल तर जरूर करावं.

आता लेकीकडे येतो. तिला लाज वाटते हे वाचून मला वाईट वाटलं, कारण तिची काळजी खरी आहे पण लाज चुकीच्या माणसाला वाटतेय. तिला एक आकडा द्या. एक लिटर पेट्रोल वजनाला पाऊण किलोसुद्धा नसतं पण जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेऊन वजन वाढवतो. तुमचं वर्षाचं चालणं साधारण पावणेचौदा हजार किलोमीटर होतं, म्हणजे साडेनऊशे लिटरच्या आसपास, म्हणजे दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड. गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पट, दर वर्षी, डोळ्याला न दिसणारा. हे थांबवावं असं तिला वाटतं ते बरोबरच आहे. पण दुसरी बाजूही तिला सांगा, नवी इलेक्ट्रिक गाडी बनवतानाच, मुख्यतः बॅटरीमुळे, काही टन कार्बन आधीच बाहेर पडलेला असतो, आणि तो फिटायला वीज पाण्या-वाऱ्या-सूर्याची असेल तर थोडी वर्षं आणि बहुतेक कोळशाची असेल तर बरीच जास्त वर्षं लागतात. म्हणून मोठी बॅटरी, मोठी गाडी, प्रचंड रेंज हे सगळं "असू दे" म्हणून घेणं म्हणजे तिच्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाणं. आणि चालती गाडी घाईघाईत भंगारात काढण्यातही शहाणपण नाही.

तिला एक गोष्ट आवडेल म्हणून सांगतो. १९०० साली अमेरिकेत बनलेल्या मोटारींमधे वाफेच्या १६८१ होत्या, इलेक्ट्रिक १५७५ आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. पेट्रोल तिसरं होतं! पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागायची, हात मोडायचा, वास यायचा. मग १९०८ ला फोर्डची मॉडेल टी आली, १९१२ ला कॅडिलॅकमधे चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल गेलं. म्हणजे पेट्रोल गाडी जिंकली त्यात एका बॅटरीचा आणि एका मोटरचा हात आहे. आणि आजच्या लिथियम बॅटरीचं पहिलं मोठं काम स्टॅन्ली व्हिटिंगहॅमने सत्तरच्या दशकात केलं ते एक्सॉनमधे, तेल कंपनीत, त्याच तेलाच्या धक्क्याच्या काळात. त्याला, जॉन गुडइनफला आणि अकिरा योशिनोला मिळून २०१९ चं नोबेल मिळालं. इंधनांच्या गोष्टीत शत्रू आणि मित्र असे सरळ नसतात, हे तिला या वयात कळलं तर ती पुढे यात काहीतरी चांगलं करेल.

तर तुम्ही काय करायचं. नवी पेट्रोल गाडी घेऊ नका. आज घ्याल ती पंधरा वर्षं चालवावी लागेल आणि त्यातली शेवटची सातेक वर्षं ती कोणी विकत घेणार नाही. बाबांची गाडी अजून वर्ष-दोन वर्षं चालवा, नळ्या, टायर, स्पार्क प्लग बघून घ्या. आणि आधी गाडीच्या शोरूममधे जाऊ नका, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. बहुतेकजण उलटं करतात, गाडी घेतात आणि मग प्लगसाठी वणवण करतात. त्याला विचारा की माझ्या मीटरपासून माझ्या पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग येईल का, मीटरचा लोड पुरेल का. फार मोठा चार्जर लागत नाही, १६ अ‍ॅम्पियरच्या साध्या पॉइंटवर तासाला तीन युनिट जातात, तुमचे रोजचे सहा युनिट दोन-सव्वादोन तासात भरतात आणि गाडी तिथे रात्रभर उभी असते. एक्स्टेंशन बोर्ड लावून मात्र कधीही चार्ज करू नका, तासनतास तेवढा करंट त्या बारीक वायरला सोसत नाही, प्लास्टिक वितळतं. आणि हा पॉइंट होणारच नसेल तर मला परत लिहा, कारण मग माझा सल्ला बदलेल. रोज बाहेरच्या चार्जरवर अवलंबून राहून इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांचे हाल मी बघितलेत, त्यापेक्षा चांगली हायब्रिड बरी.

पॉइंट झाला की गाडी बघा. तुमच्यासाठी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची गाडी, कारण त्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही, शंभर टक्क्यांपर्यंत नियमित चार्ज केलेलं ती सोसते आणि टिकायलाही चिवट असते, जरा जड असते एवढंच आणि कडक थंडीत जरा सुस्त होते. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर अशी बऱ्याच कंपन्या देतात, त्याच्या आत किती टक्के क्षमता राहायची हमी आहे ते कागदावर वाचून घ्या, सहसा सत्तर असते. आईकडच्या ३१० साठी, कंपनी ४५० सांगत असेल तर हायवेच्या वेगाला ३३०-३५० धरा, आणि तरी मधे एक थांबा घ्या, फास्ट चार्जरवर १० ते ८० टक्के अर्ध्या-पाऊण तासात होतं, त्याच्यापुढे चार्जिंग मुद्दाम हळू होतं म्हणून तिथे बसून राहू नका. त्या रस्त्यावर चार्जर कुठे आहेत हे आत्ताच, पेट्रोल गाडीने जाताना बघून ठेवा, चालू आहेत का, रांग असते का, रात्री उजेड असतो का.

आणि या रविवारी लेकीला शेजारी बसवून ती वही उघडा. बारा वर्षांत एका दिवसात दोनशे किलोमीटरच्या वर गाडी किती वेळा गेली ते तिला मोजायला लावा, तारखांवरून आणि किलोमीटरवरून बरंच कळेल. माझा अंदाज आहे फार पानं लागणार नाहीत. नवी गाडी आली तरी वही तीच राहू द्या, फक्त लिटरच्या रकान्यात तुम्ही युनिट लिहाल. मोजलेला आकडा मला जरूर कळवा.